आपले तूप, आपले पीठ आणि भट्टी त्यांची

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांची खटखट दिवसभर ऐकू येणाऱ्या एका गल्लीत, घरून आणलेल्या सामानाची नानकटाई भाजून देणारी एक लाकडावरची भट्टी अजून चालू आहे. दाराशी पाटी नाही; परिसरातले लोक तिला नुसते ‘भट्टी’ म्हणतात, आणि भाजल्या तुपाच्या वासावरून नवखा माणूसही तिथे बरोबर पोहोचतो. गेल्या वर्षभरात मी तिथे तीनदा सामान नेले. पहिल्यांदा दिवाळीआधी, मग जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकल्यावर आणि शेवटी एप्रिलच्या अखेरीस. त्या तीन खेपांच्या आधारे हे लिहीत आहे.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या फराळात सर्वांत आधी नानकटाईचे सामान निघत असे. वडील गिरणीत होते. बोनस हातात पडला की आई साजूक तूप आणत असे, एरवी डालड्यावर भागत असे. मैदा चार वाट्या, बेसन एक वाटी, बारीक रवा अर्धी वाटी, तूप आणि पिठीसाखर सव्वातीन-सव्वातीन वाट्या, वेलदोडा आणि किंचित जायफळ हे तिचे माप. त्यात ती एक वाटी ज्वारीचे पीठ घालत असे. ते आधी कोरडेच मंद आचेवर परतायचे, गार करायचे आणि पातळ कापडातून चाळून घ्यायचे. ज्वारीत मैद्यासारखा चिवटपणा नसल्यामुळे नानकटाई तोंडात सहज विरघळते आणि मागे भाजल्या भाकरीचा खमंगपणा रेंगाळतो. आळीत दुसऱ्या कुणाच्या डब्यात ही चव नव्हती. पत्र्याचा तो डबा माळ्यावर चढे आणि आई तो मोजून-मापून संक्रांतीपर्यंत पुरवत असे.

हेच माप घेऊन मी बरीच वर्षे घरच्या ओव्हनमध्ये प्रयत्न केले. १६० अंशांवर ठेवा, १७० वर ठेवा, रंग चांगला येतो, पण आतला भुसभुशीतपणा येत नाही. भट्टीवर दोन तास बसल्यावर त्याचे कारण उमगले. तिथे पहाटे कडक आचेवर आधी पाव भाजतात. मग निखारे बाजूला ओढतात आणि विटांमध्ये मुरलेली उष्णता हळूहळू उतरत असताना नानकटाईचे पत्रे आत सरकवतात. सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या उबेवर टोस्ट वाळवतात. उतरत्या आचेमुळे नानकटाई वरून लाल होण्याआधी आतून कोरडी होते. घरच्या छोट्या ओव्हनची तापलेली कांडी पदार्थाच्या अगदी जवळ असते आणि सारखी चालू-बंद होत राहते, तिथे हे साधणे अवघड आहे.

भट्टीचे मालक सत्तरीच्या घरातले असावेत. ते कारागिरांशी तेलुगूत आणि आपल्याशी मराठीत बोलतात. तूप ते स्वतः फेसतात, आणि या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो. रुंद परातीत गार तूप आणि पिठीसाखर घेऊन तळव्याच्या टाचेने ते एकाच दिशेने घासत राहतात. तुपाचा पिवळेपणा हळूहळू जातो, कणी मोडते आणि ते लोण्यासारखे पांढरे, हलके होते. तोवर ते पिठाला कुणाला हात लावू देत नाहीत. पीठ घातल्यावर मात्र अजिबात मळत नाहीत, बोटांनी नुसते गोळा करतात. मग गोळे, त्यावर अंगठ्याचा हलका दाब, मधोमध एक चारोळी. लांब दांड्याच्या फळीने पत्रा बाहेर आला की नानकटाई अजून मऊ असते आणि तिच्या पाठीवर नुकत्या भेगा उमटलेल्या असतात. “हात लावू नका, ताई. गार झाली की धरते,” असे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, आणि तसेच होते.

एप्रिलमध्ये मात्र मी चूक केली. आपल्याकडे त्या दिवसांत पारा चाळिशीपार असतो आणि साजूक तूप त्याच्या कितीतरी आधी पातळ होते. रिक्षातून पोहोचेपर्यंत डब्यात नुसते तेल झाले होते. “पसरणार बघा,” काकांनी बजावले होते; तरी मी आग्रह धरला आणि पत्र्यावर सगळ्या नानकटाया एकमेकींना चिकटून सपाट झाल्या. उन्हाळ्यात जायचे तर सकाळी सातच्या आत, तुपाचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळूनच जावे. सोडाही आपणहून सांगून कमी घालायला लावावा. त्यांचा हात त्या बाबतीत सढळ आहे आणि जास्त सोड्याची साबणासारखी चव मागाहून जिभेवर येते. त्यांची तयार खारी वनस्पती तुपातली असून टाळूला चिकटते, ती मी घेणार नाही. जिरा बटर चहाबरोबर उत्तम लागतो.

भाजणावळ किलोच्या हिशेबाने घेतात आणि ती वाजवी आहे. माझी खरी तक्रार डब्यांच्या व्यवस्थेबद्दल आहे. प्रत्येक डब्यावर खडूने नाव लिहितात, आणि दिवाळीच्या गर्दीत हाताळणीत ते पुसले जाते. मला दिलेला डबा घरी उघडून पहिला घास घेताच कळले की यात ज्वारी नाही. कुणा दुसऱ्या घराची, वनस्पतीतली नानकटाई होती ती. डब्याच्या आत नावाची चिठ्ठी टाकण्याची साधी सोय त्यांनी करायलाच हवी. मी आता घरूनच चिठ्ठी टाकून नेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत करायला गेले, तेव्हा आमचा डबाही तिथे येऊन थांबला होता. त्यातल्या सात-आठ नानकटाया कमी होत्या. त्या घरच्या आजींनी काकांजवळ निरोप ठेवला होता: यात कोणते पीठ आहे तेवढे विचारून ठेवा. काकांनी पावाच्या हिशेबाच्या वहीतला एक कागद फाडून दिला आणि मी त्यावर आईचे माप लिहिले. ज्वारीचे पीठ आधी परतून घ्यायचे आहे, या ओळीखाली दोन रेघा मारल्या.