ओपिनेल नंबर ८: दुकानात आणि डाळिंबाच्या बागेत दहा महिने

माझं सांगोला तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी मला चाकू लागतो. औषधांची खोकी फोडायची, पोत्याच्या शिवणीचं नेमकं टोक सापडलं नाही की दोरा कापायचा, ड्रिपची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी नळी, तोडून द्यायची. या सगळ्यापेक्षा मोठं काम म्हणजे शेतकरी पिशवीत घालून आणतात ती डाळिंबं आणि काटक्या कापून बघायची. डागाखाली दाणे चांगले आहेत की सडलेत, भोकाच्या आत अळी आहे का, झाड वाळतंय ते पाण्यामुळे की मर रोगामुळे, हे वरून बघून सांगितलं तर तो नुसता अंदाज असतो. समोरच्याचे त्या अंदाजावर हजारो रुपये फवारणीत जातात. म्हणून कापून बघावंच लागतं.

तरीही इतकी वर्षं काउंटरवरचं कटर, सिकेटर (छाटणीची कात्री) आणि घरून आणलेली भाजीची सुरी यावरच भागवलं. खिशात ठेवायचा स्वतःचा घडीचा चाकू गेल्या सप्टेंबरात घेतला: ओपिनेल नंबर ८, स्टेनलेस पात्याचा. घेतल्यावर आठवड्याभरातच लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं.

त्याच्या आधी महिनाभर एक वापरला होता, तोही सांगतो, कारण नवीन माणूस बहुतेक तिथंच फसतो. सहाशे रुपयांना ऑनलाइन मिळाला. काळं पातं, अर्ध्या भागाला करवतीचे दाते, मुठीत काच फोडायचं टोक, वर बॅटरीही. फोटोत बघितला तर वाटावं, याच्यापुढे सगळे फिके. पात्याची पाठ साडेतीन मिलिमीटर जाड. डाळिंबात घातला की तो कापायचा नाही, फळ पाचर मारल्यासारखा फोडायचा, आणि दाणे चिरडून लाल रस काउंटरभर. आतली अळी दोन तुकडे होऊन निघाली तर बघणार काय? करवतीच्या दात्यांत सुतळीचे धागे अडकायचे ते वेगळंच. हे सगळं चालवून घेतलं असतं. पण ऑगस्टमध्ये युरियाच्या पोत्याची शिवण वरच्या बाजूला ओढून कापताना त्याचं लॉक सुटलं आणि पातं बोटावर मिटलं. तर्जनीला तीन टाके. मुठीतली लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली जेमतेम काठावर टेकत होती, हे मी आधी बघायला हवं होतं. घडीचा चाकू हातात घेतला की पहिलं हे बघा: उघडा, लॉक करा, पात्याची पाठ लाकडी फळीवर दाबा. बोटं वाटेतून बाजूला ठेवा. जराही सरकला तर परत करा, किंमत कितीही असो.

टाके निघेपर्यंत बसून विचार केला की मला नेमकं लागतं काय. पातळ पातं. साधी सरळ धार, दाते नकोत. तीन-साडेतीन इंच लांबी, म्हणजे भगवा जातीचं मोठं डाळिंब एका ओढीत दुभंगेल. विश्वासाचं लॉक. आणि बिघडलं तर मला स्वतःला दुरुस्त करता येईल अशी रचना. मर्यादा दोन हजारांची होती. स्विस चाकूचा विचार केला, आणि ज्यांना कात्री, पेचकस, डबा उघडायचं पातं हे सगळं एकात हवं त्यांनी तोच घ्यावा, उत्तम वस्तू आहे. पण व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या मॉडेलांना पात्याचं लॉक नसतं, आणि माझ्या बोटाला नुकतेच टाके पडले होते. ओपिनेल त्या पैशांत बसला.

हा चाकू मुळात शेतकऱ्यांचाच आहे, हे मला नंतर वाचून कळलं आणि फार बरं वाटलं. फ्रान्सच्या सव्हॉय या डोंगरी भागात कुऱ्हाडी, कोयते, छाटणीचे चाकू घडवणारं ओपिनेल घराणं. त्यातल्या जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये, अठराव्या वर्षी, हा खिशातला चाकू बनवला. १८९७ मध्ये १ ते १२ असे आकाराचे नंबर पाडले. लॉकची फिरती कडी १९५५ मध्ये आली. आजही या चाकूत पाचच भाग आहेत: पातं, लाकडी मूठ, खीळ, एक पक्की कडी आणि तिच्यावर फिरणारी दुसरी. कडी फिरवली की पात्याच्या बुडामागची फट बंद, पातं मिटायला जागाच उरत नाही. स्प्रिंग नाही, पट्टी नाही. सन २००० पासून मिटलेल्या अवस्थेतही ती कडी लागते, म्हणजे खिशात आपोआप उघडायची भीती नाही.

नंबर ८ चं पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. पाठ दोन मिलिमीटरही नाही, आणि तिथून धारेपर्यंत सलग निमुळतं होत जातं. पहिलं डाळिंब कापलं तेव्हाच फरक कळला. देठाच्या बाजूनं साल चिरली, हलकं ओढलं, आणि फळ उघडलं तेव्हा मधला पांढरा पडदा सुद्धा सरळ कापला गेला होता. कापलेले दाणे आठ-दहाच. भोकाच्या कडेनं चीर देऊन आतली अळी जिवंत बाहेर काढून शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवता येते. मर रोगाची शंका असली की वाळत्या फांदीचा तिरका काप घ्यायचा. निरोगी लाकूड फिकट पिवळसर निघतं, रोगटात तपकिरी-काळपट डाग दिसतात. बोथट सुरीनं घेतलेल्या कापात सगळं चुरगळून करडं दिसतं आणि काहीच कळत नाही. मला वाटतं, माझा सल्ला गेल्या दहा महिन्यांत सुधारला त्यात या पात्याचा वाटा आहे.

सोळा मिलिमीटरची लॅटरल एका दाबात चौकोनी कापली जाते. तिरकी कापली की जॉइनर नीट बसत नाही आणि गळती लागते, हे ड्रिप जोडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पात्याचा धातू निवडताना मी सगळ्यात जास्त अडलो. ओपिनेल दोन जातींत मिळतो, कार्बन आणि स्टेनलेस, पात्यावर कार्बोन किंवा इनॉक्स असं कोरलेलं असतं. कार्बनला धार लवकर चढते म्हणून जाणकार तोच सुचवतात. आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, चाकू तसाच होता; गावच्या लोहारानं मोडक्या करवतीच्या पात्यापासून केलेला, बाभळीच्या मुठीचा. आयुष्यभर बंडीच्या खिशात. पण दादांच्या वेळी आमच्याकडे ज्वारी होती, डाळिंब नव्हतं. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की निळसर काळा रंग धरतो. जुन्या काळी शाई याच मेळातून करत. दादांच्या चाकूनं मी एकदा फळ कापून बघितलं होतं, पाच मिनिटांत पातं आणि फळाचा काप दोन्ही काळे. ज्याला डाग ओळखायचाय त्यानं कापतानाच नवा डाग पाडून कसं चालेल? शिवाय तेल्या हा डाळिंबाचा रोग हत्यारावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, त्यामुळे प्रत्येक बागेत पातं निर्जंतुक करावं लागतं. म्हणून स्टेनलेस. यात स्वीडिश सँडविकचं १२सी२७ जातीचं पोलाद आहे. दहा महिन्यांत गंजाचा ठिपका नाही. ज्यांचं काम सुतळी, लाकूड, भाकरीबरोबरचा कांदा एवढंच आहे त्यांनी कार्बन खुशाल घ्यावा, पुसून ठेवायची सवय मात्र हवी.

आता माझी चूक. नोव्हेंबरात एका बागेत छाटणी चालू होती. सिकेटरसाठी सोडियम हायपोक्लोराइटचं एक टक्क्याचं द्रावण बादलीत होतं. मीही चाकू उघडाच त्यात टाकला आणि गप्पांत विसरलो. तासाभरानं काढला, पुसला, मिटवला, खिशात घातला. सकाळी पातं उघडेना. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगली होती आणि तिनं पातं दोन्ही बाजूंनी आवळून धरलं होतं. ही चाकूची खोड नाही, लाकडाचा धर्म आहे; खिडकी पावसाळ्यात फुगते तसंच. सव्हॉयकडचे लोक यावर काय करतात ते वाचलं होतं: कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, म्हणजे पातं थोडं बाहेर येतं. काउंटरवर तीन-चार वेळा ठोकलं, आलं. मग तो उघडा ठेवून सावलीत तीन दिवस वाळवला, उन्हात नाही, लाकूड तडकतं. फटीत बारीक पॉलिश पेपरची घडी घालून हलक्या हातानं घासलं. नंतर जवसाचं कच्चं तेल बोटानं चोळून आठवडाभर मुरू दिलं, तसे तीन हात दिले, आणि खिळीपाशी थोडी व्हॅसलीन भरली. त्यानंतर जूनमधल्या पावसात खिशात भिजला तरी अडकला नाही. हे काम नवा चाकू घेतल्या दिवशीच करून टाका.

बादलीत तर आता टाकतच नाही. क्लोरीन स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. पात्याला स्पिरिटचा फडका मारतो, मग कोरडा फडका.

धारेचं सांगायचं तर खोक्याचा पुठ्ठा हा पात्याचा सगळ्यात मोठा शत्रू. दिवसाला पंधरा खोकी फोडली की आठवड्यात धार मंदावते. म्हणून खोक्यांना परत जुनं कटर आणलं, चाकू फळं, फांद्या आणि लॅटरलसाठी राखला. आता महिन्यातून एकदा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घासतो. निसणा पाण्यात भिजवायचा, पात्याची पाठ दोन रुपयांची दोन नाणी मावतील इतकी उचलायची आणि तोच कोन शेवटपर्यंत धरायचा. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला अडकेल अशी बारीक कोर येते. ती आली की बाजू बदला, त्याआधी नको. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेनं दहा-पंधरा हात. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की झालं. पातळ पात्याचा हाही फायदा, दहा मिनिटांत काम होतं.

त्रासही सांगतो. उघडायला दोन हात लागतात, नखानं पातं ओढावं लागतं. एका हातात फांदी धरलेली असताना हे जड जातं. मी आधी चाकू उघडून घेतो आणि मग फांदीला हात घालतो. क्लिप नाही, गोल मूठ पँटच्या खिशात आडवी होते. आमच्याकडची बारीक माती कडीखाली जाते आणि ती घट्ट फिरायला लागते. फुंकर मारून तेलाचा एक थेंब पुरतो. कडी लावायची सवय व्हायला मला दोन आठवडे लागले. टोक बारीक आहे, डबा उचकटायला वापराल तर वाकेल.

कायद्याबद्दल पुष्कळ जण दुकानात विचारतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, त्यातून घरकाम-शेतीची अवजारं वगळलेली आहेत. हा चाकू त्या मापाच्या खूप आत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश निघतो तेव्हा खिशात चाकू नको. आषाढीला पंढरपूरला जाताना मी तो गल्ल्यात ठेवून जातो. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि खटक्याचे, बटण दाबून उघडणारे चाकू घेऊच नका, ते शेतीकामाचे नाहीत आणि पोलिसांना तसं पटवताही येणार नाही.

मार्चमध्ये एक सत्तरीचे आबा दोन डाळिंबं घेऊन आले होते. मी कापून दाखवलं, त्यांचं लक्ष फळाकडे नव्हतंच.

"मालक, बघू जरा." चाकू हातात घेऊन अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली, कडी दोनदा फिरवली. "हलका हाय की. लोहार कुठला?"

"फ्रान्सचा, आबा."

"असंल. पर मूठ आपल्या हाताची केलीया."

गेल्या आठवड्यात दुकानात काम करणाऱ्या पोरासाठी नंबर ७ मागवला. पातं आठ सेंटिमीटर, त्याच्या लहान हाताला नीट बसेल. आल्या आल्या मुठीला तेलाचा पहिला हात दिलाय. सध्या गोदामात खतांच्या पोत्यांमागे, पातं उघडं ठेवून वाळतोय. अजून दोन हात बाकी आहेत, मग त्याला देईन.