१०० मिलीचा टेफ्लॉन लायनरचा ऑटोक्लेव्ह: बॉडी दणकट, झाकण नाजूक

कोल्हापुरात पातळ थरांचं काम बीकरमधल्या केमिकल बाथवर, म्हणजे द्रावणात काच बुडवून तिच्यावर थर चढवण्याच्या पद्धतीवर, वाढलं. शिवाजी विद्यापीठाची ती ओळखच आहे. पण पाणी १०० अंशांच्या वर नेऊन नॅनोरॉड (अतिसूक्ष्म काड्या) वाढवायचे असतील तर बीकर पुरत नाही, हा पोलादी ऑटोक्लेव्ह लागतो: आटे आवळून बंद होणारा डबा आणि आत टेफ्लॉनचं भांडं, म्हणजे लायनर. ऑनलाइन मिळणाऱ्या ३०४ स्टीलच्या मॉडेलची बॉडी चांगली आहे, आटेही खोल कापलेले आहेत.

माहितीपत्रकात २२० अंश छापलेले असतात, त्यावर जाऊ नका. वाफेचा दाब १५० अंशांना सुमारे ५ बार, १८० ला १० आणि २२० ला २३ बार होतो. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं खरं, पण दाबाखाली त्याच्या कितीतरी आधी मऊ होऊन काठ चेपतो. १८० ही मर्यादा धरली तर लायनर टिकतो.

खरी परीक्षा टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोरॉडची. ३० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, ३० मिली डिस्टिल्ड वॉटर, १ मिली टायटॅनियम ब्युटॉक्साइड. १५० अंशांना २० तास. एफटीओ काचेची (एका बाजूला वीजवाहक थर असलेल्या काचेची) वाहक बाजू मल्टिमीटरने तपासून ती खाली येईल अशी काच तिरकी टेकवायची, म्हणजे द्रावणात तयार होणारा गाळ थरावर बसत नाही. जास्त वेळ ठेवलं तर थर सोलून निघतो. ब्युटॉक्साइडची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली की दमट हवेने आतला द्रव पांढरा पडतो आणि माप चुकतं.

इथंच झाकण दगा देतं. तापल्यावर टेफ्लॉन पोलादापेक्षा खूप जास्त फुगतं आणि थंड होताना तितकंच आक्रसतं. ऑटोक्लेव्ह नळाखाली धरला की फट पडते, आम्लाची वाफ बाहेर येते, ३०४ स्टील तांबूस गंजतं आणि आटे जाम होतात. ओव्हन बंद करून रात्रभर आतच निवू द्या. नव्या लायनरमध्ये आधी नुसतं पाणी घालून १८० अंशांचा एक फेरा द्या, मग थंड झाल्यावर झाकण पुन्हा आवळा.

जादा लायनर मात्र विकत न घेता कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेणं परवडतं. रॉड शुद्ध पांढऱ्या टेफ्लॉनचा हवा, काचतंतू मिसळलेला नको. प्रत्येक धातूसाठी वेगळा लायनर ठेवा. आतून टूलच्या रेघा राहिल्या असतील तर परत पाठवा. त्यांत आधीचा क्षार अडकतो आणि पुढच्या नमुन्याच्या एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) भलतीच पीक्स येतात.