घड्याळ स्वच्छ होऊन आले, पट्टा मात्र माझा नव्हता

उकाड्याच्या दिवसांत माझे मनगट थोडे सुजते आणि घड्याळाचा पोलादी पट्टा काचू लागतो. घड्याळ घेतले तेव्हा माझ्या मनगटाच्या मापासाठी पट्ट्याच्या 2 कड्या काढल्या होत्या आणि त्या एका छोट्या पारदर्शक पिशवीत घालून घड्याळाच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. त्यांतली एक परत बसवून घ्यावी म्हणून मी एका जुन्या, अनुभवी घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, पट्ट्याच्या कडेला माझी कडी धरली, उलटी करून पुन्हा धरली आणि मग दोन्ही गोष्टी शांतपणे टेबलावर ठेवल्या. "ही कडी तुमच्या घड्याळाची आहे, पण हा पट्टा तुमच्या घड्याळाचा नाही," असे ते म्हणाले.

मी भिंगातून स्वतः पाहिले. माझ्याकडच्या सुट्या कडीच्या बाजूला बारीक स्क्रूचे भोक होते आणि आत आटे होते. पट्ट्यातल्या कड्या मात्र नुसत्या दाबून बसवलेल्या पिनांनी जोडलेल्या होत्या. घड्याळाच्या केसला, म्हणजे धातूच्या डबीला, जिथे पट्टा भिडतो, तिथली शेवटची कडी मूळ पट्ट्यात एकसंध पोलादाची असते. या पट्ट्यात ती पत्रा दुमडून केलेली होती आणि आतून पोकळ होती. घड्याळजींनी पट्टा कानाजवळ हलवून दाखवला, तेव्हा त्याचा खुळखुळ आवाज आला. माझ्या पट्ट्याचा तसा आवाज कधीच येत नव्हता, पण तो आवाज गेले दोन महिने रोज माझ्या मनगटावर होत असूनही मी त्याकडे लक्ष दिले नव्हते.

त्याच क्षणी मला एक ओरखडा आठवला. घड्याळ घेतल्याच्या पहिल्याच वर्षी एका लोखंडी दाराच्या कडीवर हात आपटून पट्ट्याच्या बकलजवळच्या कडीवर चांगला खोल, तिरपा ओरखडा उठला होता. 'सफाई' होऊन घड्याळ परत आले तेव्हा तो नाहीसा झालेला पाहून मला आनंद झाला होता आणि काम करणाऱ्या माणसाचे मी मनापासून आभार मानले होते. घड्याळजींनी सांगितले की एवढा खोल ओरखडा साध्या पॉलिशने घालवायचा असेल, तर ओरखड्याच्या तळापर्यंतचे पोलाद घासून काढावे लागते, म्हणजे ती कडी शेजारच्या कड्यांपेक्षा स्पष्टपणे पातळ दिसायला हवी आणि तिच्या धारा गोल व्हायला हव्यात. माझ्या मनगटावरच्या पट्ट्यातल्या सगळ्या कड्या सारख्याच जाडीच्या होत्या. ज्या खुणेच्या नसण्याने मी खूश झालो होतो, तीच फसवणुकीची पहिली खूण होती. हे सविस्तर लिहितो आहे ते यासाठी, की आपले महागडे घड्याळ घरच्या घरी स्वच्छ ठेवू पाहणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ नये.

याची सुरुवात स्वच्छतेच्या साध्या इच्छेतून झाली. रोज वापरातल्या घड्याळाच्या पट्ट्यात घाम, त्वचेचे सूक्ष्म कण, साबणाचा अंश, मलम आणि धूळ साचत जाते, आणि कड्यांच्या फटींत त्याचा काळपट, चिकट थर बनतो. हा थर नुसता कुरूप दिसत नाही, तर तो कड्या हलताना त्यांच्या मधल्या सांध्यांची झीजही करतो, त्यामुळे पट्टा कालांतराने ढिला पडतो. ही काळजी मला होती, आणि 'महागड्या घड्याळांची घरपोच स्वच्छता' अशी जाहिरात पाहून मी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. आलेला माणूस नीटनेटका आणि मृदुभाषी होता, आणि घड्याळांविषयी त्याला खरोखरच बरेच काही ठाऊक होते. त्याने माझ्यासमोर पट्टा केसपासून सोडवला, एका छोट्या यंत्रातल्या पातळ द्रावणात बुडवला आणि यंत्र सुरू केले. मिनिटभरात कड्यांच्या फटींतून काळ्या धुरासारखी मळाची रेघ उठली आणि द्रावण गढूळ झाले. ते पाहून मला माझीच लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच मी तो संच विकत घेतला: यंत्र, द्रावणाची बाटली, चकाकीसाठी एक लेप आणि फडके.

ते प्रात्यक्षिक खरे होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. अशा यंत्रात ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींनी, बहुधा 40 किलोहर्ट्झच्या आसपास, द्रवात अतिसूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि फुटतात, आणि त्या फुटण्याच्या धक्क्याने फटीतला मळ सुटतो. घड्याळ दुरुस्त करणारेही सुटा केलेला पट्टा आणि आतले मशीन बाहेर काढलेली रिकामी केस अशाच यंत्रात धुतात. पण तो मळ कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब आणि मऊ दातघासणी यांनीही बराचसा निघतो, हे त्याने सांगितले नाही. आणि संचासोबतच्या कागदावर जे छापले होते, ते तर सरळ घातक होते: मागच्या झाकणावर 50 मीटर किंवा त्याहून अधिक आकडा असेल, तर संपूर्ण घड्याळ द्रावणात बुडवायला हरकत नाही.

माझ्या घड्याळावर 100 मीटर लिहिलेले आहे, म्हणून मी काही आठवड्यांनी तसेच केले. त्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता. 100 मीटर म्हणजे 10 बार इतका स्थिर दाब नवीन घड्याळाने चाचणीत सोसला, एवढेच तो आकडा सांगतो. साध्या जलरोधक घड्याळांसाठी आयएसओ 22810 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे वेगळे, अधिक कडक मानक आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकण, काच आणि चावी यांच्यापाशी रबरी गॅस्केट बसवलेले असतात, आणि ते रबर वर्षानुवर्षे दाबाखाली राहून चपटे होते, कोरडे पडते आणि त्याची लवचिकता जाते. अशा जुन्या गॅस्केटचे घड्याळ गरम होणाऱ्या द्रावणात ठेवले की आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते. घड्याळ थंड होताना आत उरलेली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची ओल आत ओढली जाते. त्यात साबणासारख्या द्रावणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, म्हणून ते बारीक फटीत अधिक सहज शिरते. शिवाय त्या कंपनांनी मशीनमधले बारीक स्क्रू सैल होऊ शकतात. हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा मी फक्त एवढेच पाहिले की दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आतल्या बाजूला, 4 च्या आकड्यापाशी, नखाएवढा धुक्याचा डाग होता.

मी घाबरून त्याच माणसाला फोन केला, आणि तो तासाभरात हजर झाला. त्याने घड्याळ उजेडाकडे धरले, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "साहेब, 24 तासांत उघडले नाही तर मशीन गंजेल." ओल आत गेल्यावर घड्याळ लवकर उघडणे गरजेचे असते, हे त्याचे म्हणणेही खरेच होते. त्याच्या खरेपणाने मी पुन्हा एकदा निःशंक झालो आणि घड्याळ त्याच्या हाती दिले. त्याने एका चिठ्ठीवर 'घड्याळ 1 नग, अंतर्गत सफाई' एवढेच लिहून दिले. घड्याळाचा अनुक्रमांक नाही, पट्ट्याचे वर्णन नाही, पत्ता नाही, कामाची यादी नाही. मी ती चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली.

9 दिवसांनी घड्याळ आले ते अगदी नव्यासारखे. मशीनची सफाई, सगळे गॅस्केट नवे, दाबाची चाचणी, पट्ट्याची खोल स्वच्छता, असे त्याने तोंडी सांगितले आणि त्या सगळ्याचे पैसे घेतले. त्याच्या लेपाने मी स्वतः बकलच्या वरच्या पट्टीची मॅट, रेघांची झिलई घासून चकचकीत करून टाकली होती. तीही परत रेघांची झालेली दिसली, आणि मला वाटले की त्याने तेवढेही निगुतीने दुरुस्त केले. ते बकल दुसरेच होते.

घड्याळजींनी माझ्यासमोर मागचे झाकण उघडले. झाकणाच्या खाचांवर चुकीचे हत्यार घसरल्याच्या ताज्या रेघा होत्या. आतला गॅस्केट जुनाच होता, चपटा आणि कोरडा, त्यावर वंगणाचा लवलेश नव्हता. म्हणजे ज्याचे पैसे मी दिले ते काम झालेच नव्हते. सुदैवाने मशीनला गंज नव्हता. त्यांनी नवे गॅस्केट बसवले आणि चाचणी करून दाखवली: घड्याळ 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या तापलेल्या तबकावर ठेवले, काचेवर गार पाण्याचा थेंब सोडला, मिनिटभराने तो पुसला आणि आतून धुके धरते का ते पाहिले. धुके धरले नाही. त्या काचेकडे पाहताना माझे हात थरथरत होते, कारण हे घड्याळ मी अनेक वर्षांच्या बचतीतून घेतले आहे आणि ते माझ्या दृष्टीने निव्वळ दागिना नाही.

आता मी घड्याळ कसे स्वच्छ ठेवतो ते सांगतो, कारण योग्य पद्धत माहीत असती तर त्या माणसाला माझ्या दारात येण्याचे कारणच पडले नसते. सर्वात आधी चावी पूर्ण आत दाबलेली किंवा आटे असतील तर पूर्ण फिरवून बंद केलेली आहे, याची बोटाने खात्री करतो. पट्टा सुटा करता येत असेल तर फक्त पट्टाच कोमट पाण्यात सौम्य साबणाने, मऊ दातघासणीने धुतो. येत नसेल तर केस कोरडी धरून फक्त पट्ट्यावर ओली दातघासणी फिरवतो. केसच्या कोपऱ्यांतला मळ लाकडी दातकोरणीने काढतो, कारण लाकूड पोलादापेक्षा मऊ असते. मग स्वच्छ ओल्या फडक्याने साबण पुसून, कोरड्या फडक्याने टिपून, पट्टा हवेशीर जागी पूर्ण वाळू देतो. चामडी पट्ट्याला पाणी लावत नाही, तो फक्त कोरड्या फडक्याने पुसतो. दंतमंजन, टूथपेस्ट, ब्लीच, अत्तर यांपैकी काहीही घड्याळाजवळ येऊ देत नाही. ब्लीचमधल्या क्लोरीनने तर चांगल्या स्टेनलेस पोलादावरही खड्डे पडू शकतात. नीलमणी काच कठीणपणा मोजणाऱ्या मोहस् मापावर 9 इतकी कठीण असल्याने तिला सहसा काही होत नाही, पण तिच्यावर बाहेरून चकाकीरोधक लेप दिलेला असेल तर घासणाऱ्या लेपाने तो खराब होतो. आणि चकाकीचा लेप म्हणजे प्रत्येक वेळी थोडे पोलाद घासून काढणे, हे कुणी विसरू नये. रोजच्या स्वच्छतेत पॉलिशला जागाच नाही.

घड्याळ कुणाच्याही हाती द्यावेच लागले, तर आता मी आधी त्याची छायाचित्रे काढतो: केसवरचा अनुक्रमांक, बकलच्या आतला छापलेला क्रमांक, कड्यांच्या बाजूचे स्क्रू, शेवटची भरीव कडी, आणि प्रत्येक ओरखडा जवळून. घड्याळाचे वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवतो, कारण पोकळ पट्टा वजनात लगेच उघडा पडतो. पावतीवर अनुक्रमांक आणि पट्ट्याचे वर्णन लिहून घेतल्याशिवाय घड्याळ सोडत नाही, आणि बदललेले जुने भाग, अगदी रबराचे गॅस्केटसुद्धा, परत मागतो. दाबाची चाचणी केली असे कुणी म्हटले तर किती बारला केली तो आकडा कागदावर मागतो. प्रामाणिक कारागीर यातल्या कशालाही नकार देत नाही; माझ्या घड्याळजींनी तर न मागता सगळे दिले.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. मी तक्रार दिली तेव्हा माझ्याकडे दाखवायला ती चिठ्ठी होती, आणि 'घड्याळ 1 नग' हे शब्द वाचून तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने मला विचारले की आता घड्याळाला असलेला पट्टा मूळचा नाही हे मी कशावरून सिद्ध करणार. मी त्यांच्यासमोर ती पारदर्शक पिशवी ठेवली. त्या 2 कड्या, त्यांचे 2 बारीक स्क्रू आणि शेजारी तो खुळखुळणारा पट्टा, यांची छायाचित्रे तक्रारीला जोडली आहेत. माझ्या मूळ पट्ट्याचे आज माझ्याकडे तेवढेच उरले आहे. घड्याळ सध्या साध्या चामडी पट्ट्यावर वापरतो, आणि त्या 2 कड्या पुन्हा पेटीत, त्याच जागी ठेवल्या आहेत.