फोर्टमधली चित्रकारासोबतची पायी सफर

मुंबईत राहून ज्यांनी सीएसएमटी फक्त लोकल पकडायला पाहिलंय, त्यांनी ही सफर नक्की करावी. वाटाड्या स्वतः चित्रकार असल्याने सनावळीपेक्षा पाहण्यावर भर. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेले शेतकरी मी एरवी मान वर करून कधी पाहिलेच नसते! सीएसएमटीसमोर मात्र आम्ही मनसोक्त रेंगाळलो. 1878 ते 1888 या काळात उभ्या राहिलेल्या या इमारतीवरचं बरंचसं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं. उतरत्या उन्हात दगडातल्या मोराच्या पिसाऱ्याची खाच न् खाच उठून दिसत होती. "रेघ काढू नका, सावली भरा," असं सांगत आमच्या वाटाड्यांनी माझ्या वहीत तो पिसारा चार फटकाऱ्यांत उभा केला. फाटकावरचे सिंह आणि वाघ रेखाटताना तर वेळ कसा गेला कळलंच नाही.

फ्लोरा फाउंटनपाशी गाड्यांच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येईना. आयोजकांनी गट लहान ठेवायला हवा. राजाबाई टॉवरही घाईतच उरकला. चित्रकला येत नसली तरी बिनधास्त जा. वही आणि मऊ पेन्सिल मात्र न्याच.