क्रूस की श्वाइनस्टायगर? हाफला खेळणाऱ्याने आधी कोणाला बघावं

फुटबॉलमध्ये हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळणारी पोरं हमखास विचारतात, शिकायचं तर कोणाचे सामने बघू? बहुतेक जण मेस्सीचं नाव सांगून मोकळे होतात. मेस्सी बघावा, जरूर बघावा, पण मेस्सी बघून कोणी मेस्सी होत नाही. जर्मन मधल्या फळीचं तसं नाही. तिथलं बरंचसं कसब सवयीचं असतं, आणि सवय उचलता येते. माझ्या मते या कामाला दोनच नावं पुरेशी आहेत: टोनी क्रूस आणि बास्टियान श्वाइनस्टायगर. रात्र जागून एकाचेच सामने बघायला वेळ असेल तर कोण निवडायचा, एवढंच ठरवायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळाडू म्हणून क्रूस मोठा. पण तुमच्याआमच्यातल्या बहुतेकांनी आधी श्वाइनस्टायगर बघावा.

क्रूसची वाट पहिल्यापासून सरळ होती. जन्म ४ जानेवारी १९९०, ग्राइफ्सवाल्डचा. तेव्हा ते गाव पूर्व जर्मनीत होतं. दोन्ही जर्मनी एक व्हायला अजून नऊ महिने होते. वडील प्रशिक्षक, आई बॅडमिंटनमधली पूर्व जर्मनीची विजेती. रोस्टोकच्या युवा संघातून २००६ मध्ये बायर्न म्युनिकला गेला. २००७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी कॉटबसविरुद्ध शेवटची काही मिनिटं मैदानात उतरून त्याने संघातल्या क्लोजला दोन गोलांचे पास दिले. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पुढे दीड वर्ष लेव्हरकुसेनला उसना दिला गेला, तिथे प्रशिक्षक युप हाइन्केसच्या हाताखाली तयार होऊन परतला. या सगळ्यात ‘हा पोरगा नेमका खेळणार कुठे’ हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही.

श्वाइनस्टायगरच्या बाबतीत तो प्रश्न सात वर्षं लोंबकळत होता. हा बव्हेरियाच्या डोंगराळ भागातला, जन्म १ ऑगस्ट १९८४. लहानपणी स्कीइंगमध्येही इतका तरबेज, की फुटबॉल की बर्फ हे त्याला ठरवावं लागलं. २००२ मध्ये बायर्नकडून पदार्पण झालं, पण पुढे बहुतेक काळ तो कडेला, विंगवर. २००६ च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पोर्तुगालविरुद्ध लांबून दोन सणसणीत गोल मारले, सगळा देश डोक्यावर घेऊन नाचला, तरी विंगर म्हणून तो पूर्ण पटत नव्हता. दोन बचावपटूंना मागे टाकणारा वेग त्याच्या पायात नव्हताच. २००९ मध्ये प्रशिक्षक म्हणून लुई व्हान गाल आला आणि त्याने याला उचलून मधोमध आणलं. खरा श्वाइनस्टायगर तिथून पुढचा, पंचविशी गाठलेला.

म्हणून म्हणतो, आधी हा. कारण आपल्याकडे हाफला येणारा पोरगा बहुधा दुसरीकडून आलेला असतो. फॉरवर्डला जागा नव्हती, विंगवर दम कमी पडला, म्हणून मध्ये टाकला. (मी स्वतः राइट आउटला, म्हणजे उजव्या कडेला, होतो. धाप लागते म्हणून मागे आलो आणि तिथे दुप्पट पळावं लागलं.)

आता प्रत्यक्ष खेळ. क्रूसचा सामना बघताना चेंडूवरची नजर काढा आणि फक्त त्याच्या मानेकडे बघा. पास यायच्या आधी मान डावीकडे वळते, उजवीकडे वळते, पुन्हा डावीकडे. चेंडू पायाशी येतो तेव्हा अंग आधीच अर्धं वळलेलं असतं आणि पुढचा पास कुठे जाणार ते ठरलेलं असतं. रिआल माद्रिदमध्ये तो वारंवार मागे, डाव्या बाजूला उतरायचा. त्याने ती जागा धरली की डाव्या बाजूचा बचावपटू मार्सेलो बिनधास्त वर जायचा, आणि क्रूस तिथून पलीकडच्या कडेला तिरका लांब पास टाकायचा. १४ जून २०२४ ला म्युनिकमध्ये स्कॉटलंडविरुद्ध त्याने १०२ पास दिले, त्यातला एकच चुकला. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

पण यात एक मेख आहे. क्रूसच्या मागे कासेमिरो होता. चेंडू हिसकावणं, अंगावर घेणं, पळून भोकं बुजवणं हे त्याचं काम, आणि पलीकडे लुका मॉड्रिच. अशा तिघांत एक जण शांत उभा राहून खेळ चालवू शकतो. तुमच्या संघात कासेमिरो आहे का? नसेल तर क्रूससारखं उभं राहिलात की पंधराव्या मिनिटाला बाहेरून शिव्या सुरू होतील. शिवाय तो चाळीस मीटरचा पास हिरवळीवर उतरतो. आपल्याकडच्या ढेकळांच्या मैदानावर तो कुठे उडेल, सांगता येत नाही.

श्वाइनस्टायगरचं काम त्यामानाने ओबडधोबड आणि म्हणूनच ओळखीचं. तो दोन्ही गोलांसमोरच्या डींपर्यंत जायचा, हेडर घ्यायचा, पाय घालायचा, सहकाऱ्याची चूक निस्तरायचा. केपटाऊनमधला २०१० चा अर्जेंटिनाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना शोधून बघा. तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या फ्री किकवर म्युलरने डोक्याने गोल केला. आणि ७४ व्या मिनिटाला तो डावीकडून चेंडू घेऊन आत शिरला, एकामागून एक तिघांना चकवत गोलरेषेजवळ पोहोचला आणि मागे वळवून चेंडू फ्रीडरिशला दिला. त्याला फक्त पाय लावायचा होता. जुना विंगर त्या धावेत जिवंत दिसतो. जागा बदलली म्हणून आधीचं शिकलेलं वाया जात नाही, हे त्याच्याकडून घ्यावं.

दडपणाखाली दोघं कसे, यावर मी मित्रांशी बरेच वाद घातलेत. १९ मे २०१२, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, बायर्नच्याच मैदानावर चेल्सीविरुद्ध. सामना पेनल्टी शूटआउटवर गेला. बायर्नकडून पाच जणांनी किक मारल्या; त्यात तिसरा चक्क गोलरक्षक नॉयर होता आणि क्रूस नव्हता. पाचवा श्वाइनस्टायगर. धाव घेताना तो किंचित अडखळला, चेल्सीचा गोलरक्षक चेक याची बोटं लागली, चेंडू खांबावर आदळला. मग चेल्सीच्या ड्रोग्बाने गोल केला आणि सगळं संपलं. त्याआधी महिनाभरच माद्रिदमध्ये उपांत्य फेरीची निर्णायक पेनल्टी याच श्वाइनस्टायगरने मारली होती.

यावरून क्रूसला भित्रा ठरवणारे मला भेटलेत. त्यांनी २३ जून २०१८ चा सोचीतला सामना बघावा. स्वीडनचा गोल झाला तो क्रूसच्याच चुकलेल्या पासवरून. पुढे बोआटेंगला लाल कार्ड, जर्मनी दहा जणांवर, १-१, सामना संपत आलेला. ९५ व्या मिनिटाला डावीकडे, अवघड कोनात फ्री किक मिळाली. क्रूसने चेंडू हलकेच रॉइसकडे सरकवला, रॉइसने तळव्याने थांबवला, आणि क्रूसने तो वळवून लांबच्या खांबाच्या आतून जाळ्यात घातला. स्वतःची चूक त्याच सामन्यात फेडणं प्रत्येकाला जमत नाही. पुढच्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून हरून जर्मनी गटातच गारद झाली, ती गोष्ट वेगळी.

बक्षिसांचा हिशेब पटकन उरकू. क्रूसकडे सहा चॅम्पियन्स लीग, एक बायर्नची आणि पाच माद्रिदच्या. जर्मनीकडून ११४ सामने. श्वाइनस्टायगरकडे चॅम्पियन्स लीग एकच, २०१३ ची, पण जर्मन लीगची आठ विजेतेपदं आणि देशासाठी १२१ सामने. २०१४ चा विश्वचषक दोघांचाही.

शेवट मात्र अगदी निराळे. क्रूसने आपला शेवट स्वतः आखला. २०२१ मध्ये राष्ट्रीय संघ सोडला, २०२४ मध्ये परत आला. फ्रान्सविरुद्ध लिऑनमध्ये सामना सुरू होताच दिलेल्या त्याच्या पासवर विर्ट्झने सातव्या सेकंदाला गोल केला. १ जूनला वेम्बलीत त्याच्या कॉर्नरवर कार्वाहालने गोल करून चॅम्पियन्स लीग आणली, आणि जुलैत युरो स्पर्धेत स्पेनकडून हरल्यावर क्रूसने बूट काढून ठेवले. श्वाइनस्टायगर २०१५ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. वर्षभरात प्रशिक्षक म्हणून मोरिन्यो आला आणि हा विश्वविजेता खेळाडू मुख्य संघापासून बाजूला सराव करू लागला. त्यानंतर शिकागो. तिथे तो अधूनमधून बचावफळीतही खेळला. २०१९ मध्ये थांबला. मला हा दुसरा शेवट कमीपणाचा वाटत नाही, पण ऐन शिखरावर थांबण्याचं कौतुक असणाऱ्याला क्रूसच आवडणार.

तेव्हा निवड अशी करा. तुम्ही पंधरा-सोळाचे असाल, पास चांगला असेल, पण चेंडू आला की गांगरत असाल, तर क्रूस. मानेची ती सवय आत्ताच लागली तर लागली. दुसऱ्या जागेवरून हाफला आला असाल, किंवा संघात सगळी दगदग तुमच्याच वाट्याला येत असेल, तर श्वाइनस्टायगर, आणि तोही २००९ नंतरचाच.

तरीही ठरत नसेल तर १३ जुलै २०१४ ची माराकानाची, अर्जेंटिनाविरुद्धची विश्वचषकाची अंतिम लढत लावा. पहिल्या अर्धात फक्त १८ नंबरकडे बघा. २१ व्या मिनिटाला क्रूस डोक्याने चेंडू मागे देतो, तो थेट हिग्वाइनच्या पुढ्यात पडतो, आणि हिग्वाइन बाहेर मारतो म्हणून जर्मनी वाचते. मग जादा वेळेत ७ नंबरकडे बघा. अग्वेरोचा हात लागून डोळ्याखाली फाटतं, श्वाइनस्टायगर रेषेबाहेर जाऊन जखम बांधून घेतो आणि चौथ्या अधिकाऱ्याच्या शेजारी, आत सोडायची वाट बघत उभा राहतो.