लास्ट वीक टुनाइट : सोलापूरच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) बसून बघणाऱ्याचा रिव्ह्यू

बरेच दिवस लिहायचं होतं या शोबद्दल, काल मावशीने परत विषय काढला म्हणून आज बसलोच. जॉन ऑलिव्हरचा लास्ट वीक टुनाइट, बातम्यांवरचा विनोदी शो. तिकडं अमेरिकेत एचबीओ चॅनलवर रविवारी रात्री लागतो म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडलेली असते, २०१४ च्या एप्रिलपासून चालू आहे. माणूस मूळचा इंग्लंडचा, आधी द डेली शो या असल्याच विनोदी बातम्यांच्या शोमध्ये होता, आता सूट घालून टेबलामागे बसतो आणि अर्धा तास बोलतो, बास, एवढाच शो. सुरुवातीला आठवड्याच्या बातम्या, पुढारी, सेलिब्रिटी यांची खेचाखेची, आणि मग मेन स्टोरी, पंधरा-वीस मिनिटं एकच विषय. ती मेन स्टोरी यूट्यूबवर फुकट मिळते, मी तीच बघतो.

विषय काय घेतो तर कोंबडीपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचे कंपनीबरोबरचे करार, जुनी धरणं आणि पुलांची दुरुस्ती, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत सडणारी माणसं. पेपरमध्ये असलं काही आलं तर आपण पान उलटतो, इथे मात्र शेवटपर्यंत हलत नाही, कारण दर अर्ध्या मिनिटाला हसू येतं आणि त्या हसण्याच्या मागोमाग आकडा येतो, मग तो आकडा डोक्यात राहतो. आणि मला पहिल्यापासून जवळचा वाटला त्याचं कारण वेगळंच आहे, पहिल्याच एपिसोडमध्ये त्याने आपली २०१४ ची लोकसभा निवडणूक घेतली होती. ऐंशी कोटींच्या वर मतदार आणि अमेरिकेतले चॅनल त्याकडे बघायला तयार नाहीत, हे तो त्यांनाच सुनावत होता.

आता मावशीचं सांगतो. मावशी विड्या वळते, तीस वर्षं झाली असतील. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं आपोआप चालतात, नजर कुठेही असली तरी विडी एकसारखीच येते. एकदा मी तिच्या शेजारी बसून फोनवर २०१५ चा तंबाखूवाला एपिसोड बघत होतो. त्यात सिगारेट कंपनी देशांवरच केस टाकते, पाकिटावर मोठी चित्रं का छापता, आमचा लोगो का काढला म्हणून. ऑस्ट्रेलियावर टाकली, उरुग्वेवर टाकली, टोगोसारख्या गरीब देशाला तर नुसती धमकी पुरली. मग ऑलिव्हर काय करतो, काउबॉयची टोपी घातलेलं एक सडकं फुप्फुस बनवतो, त्याला जेफ नाव देतो आणि म्हणतो घ्या, हा तुमचा नवा लोगो. मावशीला इंग्लिश येत नाही, मी जमेल तसं सांगत होतो आणि ती जेफला बघून एवढी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. मग पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मग रे, त्या देशांचं काय झालं?" मी शोधून सांगितलं, ऑस्ट्रेलियावरची केस २०१५ च्या डिसेंबरमध्ये फेटाळली, उरुग्वे २०१६ मध्ये जिंकला. "बरं झालं," म्हणाली आणि परत पान हातात घेतलं. जिच्या घरची चूल विडीवर चालते ती हे म्हणते, मला त्या दिवशी काही बोलायला सुचलं नाही.

दुसरा एपिसोड म्हणजे कर्जाचा, २०१६ चा. अमेरिकेत दवाखान्याचं थकलेलं बिल कंपन्या आपसात विकतात, कवडीमोलाने, आणि विकत घेणारा लोकांच्या मागे लागतो. हे कुणालाही करता येतं हे दाखवायला याने स्वतः मिसिसिपीत ५० डॉलर भरून कंपनी काढली, आणि दीड कोटी डॉलरच्या आसपासचं कर्ज फक्त ६० हजार डॉलरला घेतलं. म्हणजे आपल्या हिशोबात १०० रुपयांचं कर्ज ४० पैशांत! आणि ते जवळजवळ ९ हजार लोकांचं कर्ज सरळ माफ करून टाकलं. आमच्या गल्लीत दर आठवड्याला कर्जाचा हप्ता घ्यायला फायनान्सवाला दारात उभा असतो, बायका आधीच शेजारून पैसे गोळा करून ठेवतात, त्यामुळे हा एपिसोड कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि पक्ष्याचा एपिसोड तर सगळ्या सोलापूरकरांनी बघावाच. न्यूझीलंडमध्ये २०२३ ला शतकातला पक्षी निवडायचं मतदान होतं आणि याने पुतेकेतेके नावाच्या पक्ष्याचा प्रचार हातात घेतला. आपल्या हिप्परग्याच्या तलावात बुड्या मारणारी टिबुकली असते ना, तिच्याच खानदानातला, फक्त मोठा आणि डोक्यावर तुरा असलेला. होर्डिंग लावले, मुंबईतसुद्धा लावलं, स्वतः पक्ष्याचा ड्रेस घालून दुसऱ्याच्या शोमध्ये गेला. मतं पडली २ लाख ९० हजारांच्या वर, दुसऱ्या नंबरच्या किवीला १३ हजारही नाहीत. लोक हसले खरे, पण ज्या पक्ष्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं ते जगभर झालं.

हे बघताना मला राहून राहून आपला माळढोक आठवत होता. नान्नज इथून वीसेक किलोमीटर, १९७९ पासून अभयारण्य आहे, आधी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं ते नंतर बाराशेवर आणलं. सगळ्या देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत. एवढा जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आमच्या शाळेची सहल नान्नजला गेली होती, लांबवर एक करडा ठिपका हलला आणि सर ओरडले तोच तोच, तेवढंच माझं माळढोकदर्शन. पण तो ठिपका अजून डोळ्यासमोर आहे. अशी वीस मिनिटं माळढोकला मराठीत कुणी दिली तर मी पहिल्या रांगेत बसून बघेन. आपल्याकडे हसवणारे कमी नाहीत, टायमिंग तर असलं की विचारू नका, पण एका विषयाला धरून आठवडाभर कागद चाळून मग विनोद करायचा ही मेहनत मला अजून मराठीत बघायची आहे.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. शिव्या फार, घरात मोठ्याने लावता येत नाही. बोलतो एवढं भरभर की सबटायटल चालू करूनही दोनदा मागे जावं लागतं, आणि अमेरिकन सिरियलमधले संदर्भ तर माझ्या डोक्यावरून जातात. प्रत्येक मुद्द्यानंतर हे अमक्यासारखं आहे, ते तमक्यासारखं आहे असा जोक येतो, सलग चार एपिसोड बघितले की तो साचा कळायला लागतो. म्हणून आठवड्याला एकच बघा. मला स्वतःला २०२० च्या लॉकडाउनमधले जास्त आवडले, प्रेक्षक नाहीत, मागे नुसतं पांढरं, हसण्याचा आवाज नाही, तेव्हा तो काय म्हणतोय ते जास्त नीट ऐकू यायचं.

५ पैकी साडेचार देतो. नवीन माणसाने कर्जाच्या एपिसोडपासून सुरू करा. मावशीला मी तोच दाखवतोय सध्या, संध्याकाळी विड्या कारखान्यात देऊन आली की चहा होतो आणि मग पाच-पाच मिनिटं, मी थांबवून थांबवून मराठीत सांगतो. अर्ध्यापर्यंत आलोय. माफीचा भाग पुढे आहे, तिला अजून सांगितलेला नाही.