कुत्रा पळवायचं यंत्र: चार महिने वापरून

पाच पैकी दोन तारे. त्यातला एक टॉर्चला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. दुकान रत्नागिरीत, घर भाट्ये पुलाच्या पलीकडे. ऑनलाइन वस्तू आली की लोक त्याच दिवशी खोकं उघडून फोटो टाकतात आणि 'मस्त आहे' लिहून मोकळे होतात. मी हे यंत्र जूनमध्ये मागवलं, आता ऑक्टोबर संपत आलाय. एक अख्खा पावसाळा, एक गणपती आणि तीन बॅटऱ्या झाल्यावर लिहितोय.

टीव्हीच्या रिमोटएवढं, पण जाडजूड, काळं प्लास्टिक. पुढे दोन एलईडी, मध्ये गोल जाळी, अंगठ्याखाली बटण. बाजूला सरकवायचा खटका आहे: एकीकडे नुसता टॉर्च, मध्ये 'ट्रेनिंग', दुसरीकडे 'पळवा'. किंमत ५४९ रुपये. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वेगळी घ्यायची, ती खोक्यात येत नाही आणि वर्णनात हे सगळ्यात खाली बारीक अक्षरात आहे. बटण दाबलं की माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि कुत्रा त्रासून लांब जातो, असा दावा.

घेतलं कशाला, ते सांगतो. आमची बाय तिसरीत आहे. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश २०२४ साली आला, तेव्हापासून तिची शाळा नऊला. दुकान उघडायच्या आधी मी तिला सोडतो. गाडीचा रस्ता आहे, पण तो लांबून वळसा घालतो. पाखाडीने उतरलं की दहा मिनिटं. ज्यांनी पाखाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, रुंदी एवढीच की दोन माणसं खांद्याला खांदा लावून जातील. समोरून कुत्रा आला तर बाजूला व्हायला जागा नाही. कुत्र्यालाही नाही.

पाखाडीच्या मधल्या वळणावर एक बंगला आहे. मालक नोकरीतून निवृत्त होऊन मुंबईहून आले, मी त्यांना काका म्हणतो. त्यांचा लॅब्राडॉर. रात्री बिबट्याच्या भीतीने त्याला घरात घेतात, आणि ते बरोबरच आहे; आमच्याकडे ओसरीवर बांधलेली कुत्री बिबट्याने नेलेली आहेत. रात्रभर कोंडलेलं जनावर सकाळी मोकळं व्हायला बाहेर काढतात. ते काढतात बरोबर पावणेनऊला, पट्ट्याशिवाय, आणि मोकळं व्हायची त्याची जागा म्हणजे ही पाखाडी. काका फाटकात चहाचा कप घेऊन उभे. पावसात ती घाण पायरी पायरी उतरत खाली येते. शेवाळ घसरतं म्हणून खाली बघून चालायचं, की समोर कुत्रा आहे म्हणून वर बघून चालायचं, हे त्या पोरीने ठरवायचं.

गेल्या वर्षी डिसेंबरात तो तिच्या अंगावर आला. चावायला नाही, हे मीही मान्य करतो. खेळायला आला. पण बायचं वजन बावीस किलो आणि त्याचं तिशीच्या वर. दोन्ही पाय तिच्या छातीवर, ती गडग्याला आपटली, डबा उघडून घावनं पायरीवर. ती त्याने खाल्ली. तिच्या हातावर नखांचे दोन ओरखडे उठले. काका फाटकातूनच म्हणाले, "काही करत नाही हो तो."

हे वाक्य कुत्रेवाल्यांना दुकानातून कुत्र्याबरोबरच मिळतं की काय कोण जाणे.

मी विचारलं, रेबीजची इंजेक्शनं दिलीत का. म्हणाले, सगळी दिलीत. कार्ड दाखवा म्हटलं. कार्ड पुण्याला मुलाकडे होतं. शेजारच्या नळावर साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला आणि तिला घेऊन सिव्हिलला गेलो. ओरखड्याला रक्त नव्हतं, तरी लस घ्यावीच लागते, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार फेऱ्या. कागदावर पहिल्या दिवसाला 'शून्य दिवस' म्हणतात, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. लस फुकट आहे, पण दर फेरीला माझं अर्धा दिवसाचं काम बुडालं आणि तिची शाळा. काकांनी विचारपूस म्हणून नारळ पाठवले. पट्टा काही घेतला नाही.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला दगड मार, एक म्हणाला काठी ठेव, एकाने याहून वाईट सांगितलं, ते इथे लिहीत नाही. मुक्या जनावराचा काय दोष, त्याला कोणी पट्टा लावला नाही म्हणून त्याने डोकं फोडून घ्यायचं? दुकानात मिक्सर घेऊन आलेल्या एका वकिलांनी कायदा सांगितला: भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंड हजारच होता. मी हे काकांना हसत हसत सांगून पाहिलं. ते म्हणाले, "कर की तक्रार." एका वाडीत राहायचं, एकाच विहिरीच्या वाटेने जायचं. नाही केली. यंत्र मागवलं.

आता यंत्राकडे येतो. घरी आमचा टिप्या आहे, गावठी, आंब्याच्या दिवसांत कलमांवर वानरं येतात ती हाकलायला ठेवलेला. पहिली चाचणी त्याच्यावर. तीन फुटांवरून बटण दाबलं, कान मागे गेले, तो उठला आणि पडवीत जाऊन बसला. दहा फुटांवरून त्याने नुसती मान वर केली. वीस फुटांवरून काहीच नाही. खोक्यावर मात्र पन्नास फूट लिहिलंय. धंद्याची सवय, म्हणून उघडून पाहिलं. आत एक छोटं सर्किट आणि जाळीमागे बोटाच्या पेराएवढा पिएझो, म्हणजे आवाज काढणारी चकती. वर छापलेलं २५ किलोहर्ट्झ. माणसाला वीसच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला पंचेचाळीसपर्यंत येतं, त्यामुळे तत्त्व खोटं नाही. पण आवाज अंतराबरोबर उतरतो. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले, आणि असला बारीक आवाज हवेतच जास्त विरतो. त्यात आमच्याकडे खाडीवरून वारा. आणखी एक: आवाज ऐकू येणार नाही म्हणतात, पण बटण दाबताना बायला बारीक टिकटिक ऐकू येते. मला येत नाही. वीस वर्षं ग्राइंडरशेजारी बसलेल्या माणसाच्या कानाला ते विचारूच नका.

टिप्याच्या बाबतीत एक चूक माझ्याकडून झाली. दर चाचणीनंतर वाईट वाटायचं म्हणून मी त्याला बांगड्याचं डोकं द्यायचो. चौथ्या दिवशी बटण दाबलं तर शेपूट हलवत समोर हजर.

लॅब्राडॉरवर पहिल्या दिवशी उत्तम चाललं. तो पायऱ्या उतरत आला, मी सहा-सात फुटांवरून दाबलं, तो थबकला, मान तिरकी केली आणि उलटा पळाला. बायने टाळ्या वाजवल्या. आठवडाभर मीही खूश, तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. दुसऱ्या आठवड्यात तो थबकायचा पण पळायचा नाही. जुलैच्या मध्यावर तो थबकेनासाही झाला. सवय झाली. आवाज त्रासदायक आहे पण त्यापुढे काही होत नाही, हे कुत्र्याला माझ्या आधी कळलं.

आणि जुलैत मुळात हाताचाच प्रश्न. एका हातात छत्री, एका हातात पोरीचा हात. यंत्र कुठल्या हाताने दाबायचं? ज्यांनी बनवलं त्यांनी कोकणातला पाऊस पाहिलेला नाही. बायकडे दिलं तर ती दिसेल त्याच्यावर दाबायची: मांजर, कोंबडी, वर्गातला एक मुलगा. पट्टी लावून मनगटाला अडकवायची सोय आहे, पण ती पट्टी पहिल्याच महिन्यात तुटली. बॅटरीच्या टोकांवर ऑगस्टमध्ये गंज धरला, पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावलं तेव्हा परत चालू झालं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं.

सगळ्यात मोठा दोष वेगळाच. हे यंत्र माणूस ओळखत नाही. पाखाडीच्या तळाशी आमच्या शाळेच्या बाई राहतात, मला चौथीला होत्या. त्यांचा पॉमेरियन कायम साखळीत. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात नारळाची करवंटी आणि जुना पेपर. कुत्र्याने घाण केली की वाकून करवंटीने उचलतात, पेपरात गुंडाळतात आणि घरी नेऊन माडाच्या आळ्यापासून लांब पुरतात. सत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात, तरी वाकतात. एकदा मी वर लॅब्राडॉरवर बटण दाबत असताना त्या खालून येत होत्या. वाटेत बिचारा पॉमेरियन. असा केकाटला की साखळी सुटता सुटता राहिली. बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "अरे, ह्याने तुझं काय केलंय?" उत्तर नव्हतं. चौथीतही नसायचं. ज्यांचा कुत्रा पट्ट्यात, त्यालाच सगळा त्रास. तो पळूही शकत नाही. ज्याचा मोकळा, तो दोन पायऱ्या वर जाऊन मजा बघतो.

गणपतीत चाकरमानी आले, गाड्यांतून दोन-तीन कुत्री पण आली. त्यातला एक बीगल यंत्राला अतिशय घाबरला. त्याचा मालक स्वतःहून सॉरी म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टा लावून आणू लागला. म्हणजे नव्या कुत्र्यावर आणि नव्या मालकावर चालतं, असं धरा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतीच्या पावसात विजा झाल्या आणि वाडीतल्या चार मोटारी जळाल्या. त्यात काकांचा विहिरीवरचा पंपही. रात्री फोन आला, "बाबा रे, टाकीत थेंब नाही, सकाळी जरा येऊन जा." बायला सोडून परत वर आलो, हत्यारांची पिशवी खांद्याला, फाटकाला हात लावला. आतून काका ओरडले, "थांब, थांब! आत येऊ नको! आधी त्याला बांधतो. अनोळखी माणसावर जातो तो."

मी फाटकाबाहेर उभा राहिलो. त्यांनी साखळी आणली. घरात साखळी होती, चांगली जाड, पितळी कडीची. पडवीच्या खांबाला कुत्रा बांधला, दोनदा ओढून बघितलं आणि मग मला म्हणाले, "ये आता."

मी म्हटलं, "काका, पावणेनऊला पाखाडीवर आम्ही पण अनोळखीच असतो."

ते काही बोलले नाहीत. मी पंप खोलला. वाइंडिंग पार काळं पडलं होतं, जळक्या वार्निशचा वास. मोटार दुकानात न्यावी लागेल, तीन दिवस लागतील म्हटलं, आणि खरंच तेवढे लागतात, मी काही मुद्दाम ताणलं नाही. हे लिहितोय कारण बायकोला अजून तसाच संशय आहे. चौथ्या दिवशी पंप बसवला, पाणी चढलं, बिल घेतलं. काकूंनी चहा दिला. निघताना त्यांनीच विचारलं, "शाळा किती वाजता असते रे तिची?"

सोमवारपासून पावणेनऊला कुत्रा खांबाला असतो. नऊनंतर सोडतात, आणि आता काका बरोबर उतरतात. घाण अजून उचलत नाहीत. शनिवारी शाळा सकाळी लवकर असते ते त्यांच्या लक्षात राहत नाही, त्या दिवशी मी आधी फोन करतो. तो फोन यंत्रापेक्षा लांब पोचतो.

घ्यायचं का? कुठेतरी एकदाच जायचं असेल, परक्या कुत्र्याची भीती असेल आणि छत्रीचे दिवस नसतील, तर ५४९ रुपयांना वाईट नाही. रोजच्या वाटेवरच्या त्याच कुत्र्यासाठी घेऊ नका. जवळून कोणी पट्ट्यातला कुत्रा घेऊन जात असेल तर कृपा करून बटणावरचा अंगठा काढा. टॉर्च चांगला आहे, गेल्या महिन्यात लाइट गेली तेव्हा विहिरीत पडलेली बादली त्याच्या उजेडात काढली. फक्त खटका टॉर्चवरच आहे ना ते बघून दाबतो. चुकून मधे राहिला तर टिप्या अंगणातून धावत येतो आणि बांगड्याच्या डोक्यासाठी समोर बसून राहतो.